नारळीकरांचे वाचक

नमस्कार, श्रोतेहो.

डॉ. जयंत विष्णू नारळीकर २० मे २०२५ रोजी, मंगळवारी पहाटे, पुण्यात झोपेतच गेले. वय ८६. वर्तमानपत्रांनी लिहिलं ते ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ, आयुका या संस्थेचे संस्थापक संचालक, पद्मविभूषण असं. ते सगळं खरंच आहे. पण त्या दिवशी मला जे फोन आले, ते कुणी खगोलशास्त्रज्ञ गेला म्हणून आलेले नव्हते. डिचोलीच्या एका निवृत्त शिक्षकांनी नमस्कारसुद्धा न करता एकदम विचारलं, "आपले गंगाधरपंत गेले, कळलं ना?" म्हापशाच्या एका बाईंना शाळेत बक्षीस मिळालेलं त्यांचं ‘यक्षांची देणगी’ हे पुस्तक आठवत होतं. कुणीतरी वाचायला म्हणून नेलं ते परत आलंच नाही, याची हळहळ इतक्या वर्षांनीही बोलण्यात होती. आज मी बोलणार आहे ते या वाचकांच्या दुःखाबद्दल.

नारळीकर मराठी कथेत आले तेच मुळी नाव लपवून. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. केंब्रिजचं शिक्षण, गुरू फ्रेड हॉइल यांच्यासोबत मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त, वयाच्या सव्विसाव्या वर्षी पद्मभूषण, हे सगळं मागे होतं. आपलं नाव पाहून परीक्षक झुकतील, अशी त्यांना शंका होती. म्हणून ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. आपल्या नावाची आद्याक्षरं, ज. वि. ना., त्यांनी फक्त उलटी केली होती. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी स्वतःच्या अक्षरात उतरवून दिली. मंगलाताई स्वतः गणितज्ञ. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. मला या गोष्टीत त्या माणसाची सगळी वृत्ती दिसते. प्रयोगशाळेत निष्कर्षावर आपल्या इच्छेची सावली पडू नये म्हणून जी काळजी घेतात, तीच त्यांनी एका कथास्पर्धेत घेतली.

आता गंगाधरपंतांकडे येतो, कारण गोव्याच्या वाचकाला नारळीकर आपले वाटतात त्यात या कथेचा वाटा मोठा आहे. कथेचं नाव ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. नायक इतिहासाचे प्राध्यापक, गंगाधरपंत गायतोंडे. गायतोंडे म्हटल्यावर इथल्या कुठल्याही श्रोत्याच्या डोळ्यांपुढे एखादं ओळखीचं घर उभं राहणार. हे गृहस्थ पुण्याहून मुंबईला निघतात आणि पोचतात ते वेगळ्याच मुंबईत. तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून कारभार करते आहे. असं कसं झालं, हे शोधायला ते काय करतात? वाचनालयात जातात! टाऊन हॉलमध्ये बसून इतिहासाचे खंड काढतात आणि नेमकं कुठे वळण बदललं ते हुडकतात. १४ जानेवारी १७६१, पानिपत. विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात कानाजवळून निघून गेली आणि मराठे जिंकले. परत आल्यावर त्यांच्यावर कोण विश्वास ठेवणार? पण खिशात बखरीचं एक पान असतं, त्या दुसऱ्या जगातलं. नारळीकरांचा नायक पुरावा घेऊन परत येतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

ही कथा वाचून बाजूला ठेवता येत नाही, निदान गोव्यात तरी नाही. इथल्या मातीत असे फाटे जागोजागी आहेत. १६८३ च्या नोव्हेंबरात छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने जुवे बेट घेतलं. तिथून जुनं गोवं नजरेच्या टप्प्यात. पोर्तुगिजांचा विजरई, म्हणजे व्हाइसरॉय, कोंद द आल्व्होर बेट परत घ्यायला गेला आणि जीव कसाबसा वाचवून परतला. हवालदिल होऊन त्याने आपला राजदंड सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी ठेवला. पुढे मराठे साष्टीत आणि बार्देशात शिरले. आणि मग मोगलांची मोठी फौज शाहआलमच्या हाताखाली चालून आली, महाराजांना माघारी फिरावं लागलं. ती फौज महिनाभर उशिरा आली असती तर? पुढची पावणेतीनशे वर्षं कशी गेली असती? आपण आज कुठली भाषा बोलत असतो, कुठल्या देवळात नि कुठल्या इगर्जीत जात असतो? किंवा अगदी जवळचं घ्या. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा, याचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल ३४,०२१ मतांनी वेगळं राहण्याच्या बाजूने ठरला. त्या निकालावर आपल्याकडे एका घरात दोन भाऊ अजूनही वाद घालतात. गंगाधरपंत वाचलेला माणूस हाच वाद जरा वेगळा घालतो. तो आधी विचारतो, नेमकं कुठल्या गोष्टीवर हे फिरलं, आणि तुमच्याकडे कागद कोणता आहे?

साहित्याचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. नारळीकरांची पात्रं पुष्कळदा कथेच्या मध्येच व्याख्यान द्यायला लागतात. माणसाच्या मनातली गुंतागुंत त्यांच्याकडे फारशी सापडत नाही, बायकांची पात्रं तर आणखी पुसट. समीक्षकांनी हे म्हटलं, ते बरोबर म्हटलं. तरीही २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, तेव्हा वाचकांना झालेला आनंद अगदी मनापासूनचा होता. त्यांच्या कथेत कल्पना हीच नायिका असते आणि तिच्याशी ते कधी बेइमानी करत नाहीत. ‘हिमप्रलय’मध्ये मुंबईवर बर्फ पडतो तो लेखकाला हवा म्हणून पडत नाही. वातावरणात काय बिघडलं, त्याची साखळी एकेक कडी दाखवत ते आपल्याला तिथवर नेतात. आपल्या वास्कोला ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१ च्या डिसेंबरात गोव्यातूनच निघाली. या केंद्रातले संशोधक अंटार्क्टिकाच्या बर्फातून जुनं हवामान वाचतात. ती कथा वाचलेल्या मुलाला तिथे नेलं, तर तो काय काय विचारील!

रेडिओवर बोलतो आहे म्हणून त्यांच्या गुरूंचीही एक आठवण सांगतो. विश्वाच्या जन्माला आज सगळं जग ‘बिग बँग’, म्हणजे महास्फोट, म्हणतं. हा शब्द फ्रेड हॉइल यांनी १९४९ साली बीबीसीच्या रेडिओ भाषणात वापरला, आणि तो रूढ झाला. गंमत अशी की हॉइल यांना तो सिद्धान्तच मान्य नव्हता. ते स्वतः विज्ञानकथाही लिहीत. शिष्याने गुरूचे दोन्ही वारसे घेतले, कथेचा आणि न पटलेल्या गोष्टीला हो न म्हणण्याचा. १९६५ नंतर विश्वातल्या सूक्ष्मलहरींचा पुरावा पुढे आला आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी सुधारलेला पर्यायी सिद्धान्त मांडला. तो बहुसंख्यांनी स्वीकारला नाही. त्याची कडवट तक्रार न करता ते गणित करत राहिले, लिहीत राहिले.

आणि पोस्टकार्ड! मुलं सही मागायला आली की ते म्हणायचे, सही नाही देणार. मला पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न विचारा, उत्तर पाठवीन, त्याखाली सही असेल. आणि ते खरोखर पाठवायचे. ज्याला पत्ता लिहिण्यापलीकडे पत्रव्यवहार माहीत नाही अशा मुलाला एक विचारण्यासारखा प्रश्न शोधावा लागायचा, आणि तो पोस्टकार्डावर मावेल इतका नेमका करावा लागायचा. तशी कार्डं महाराष्ट्रात किती घरांत जपून ठेवलेली असतील! गोव्यात कुणाकडे असेल तर जपा.

पत्रिकेबद्दल ते बोलले तेही याच रीतीने. आपल्याकडे मुलीचं स्थळ आलं की फोटोच्या आधी पत्रिका मागतात. ज्योतिष खोटं, असं ओरडून सांगणारे पुष्कळ असतात. नारळीकरांनी नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर २००८ मध्ये चाचणी घेतली. दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या, शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस दिल्या. कुठली पत्रिका कोणत्या मुलाची ते सांगा, एवढंच काम. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. त्यांनी कुणाचा अपमान केला नाही, ज्योतिषांनाच बोलावलं, नियम आधी सांगितले आणि आकडे सगळ्यांपुढे ठेवले.

मंगलाताई २०२३ च्या जुलैत गेल्या. त्यानंतर दोन वर्षांच्या आत नारळीकर. ‘कृष्णविवर’ ज्यांनी लिहिली आणि ज्यांनी उतरवून दिली, ते दोघेही आता नाहीत. नवी कथा येणार नाही, हे वाचकाचं खरं दुःख. दिवाळी अंक चाळताना अनुक्रमणिकेत ते नाव आधी शोधायची सवय झालेली माणसं आपल्यात आहेत. त्यांना मी काय सांगणार?

ज्यांनी त्यांचं काहीच वाचलेलं नाही, त्यांना मात्र सांगतो. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की एक करा. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा मिळवा आणि घरातल्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे, गावच्या वाचनालयातही विचारून पाहा. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झाली, हाताशी जुना पेपर असला, तर कथेतली कल्पना हातांनी करून पाहायला त्याची एक लांब पट्टी कापा. एक टोक अर्धा पीळ देऊन दुसऱ्याला चिकटवा. मुलाला सांगा, मधोमध पेन्सिलीने रेघ ओढत जा, पेन्सिल उचलायची नाही. मग त्याच रेघेवरून कात्री चालवायची. कापल्यावर हातात किती कडी येतील, हे कात्री लावण्याआधी प्रत्येकाने कागदावर लिहून ठेवायचं, आजोबांनीसुद्धा.

नमस्कार.