पाणचक्कीचे पाणी

श्रोतेहो, छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे जुन्या औरंगाबादची, पाणचक्की आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेली असेल. हौदातले मासे, कारंजी, जुना वड आणि शेजारचा महमूद दरवाजा हे सारे आठवते. ज्या यंत्रावरून त्या जागेला नाव पडले ते जाते मात्र बहुतेकांना आठवत नाही, आणि काही जण तर तिला खुशाल ‘पवनचक्की’ म्हणतात. वाऱ्याचा तिथे काडीचाही संबंध नाही.

ही जागा मुळात बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी परंपरेतील सूफी साधूंची. औरंगजेबाच्या काळात ते मध्य आशियातून दख्खनेत आले आणि खाम नदीच्या काठी राहिले. त्यांच्या तकियात, म्हणजे फकिरांच्या मठात, शिष्य, वाटसरू आणि फकीर यांची सदैव वर्दळ असे, आणि एवढ्या माणसांच्या भाकरीचे पीठ रोज दळायचे म्हणजे पहाटेपासून कितीतरी बायका जात्यावर बसवाव्या लागल्या असत्या. निजामुल्मुल्क आसफजाहच्या पदरी असलेल्या तुर्कताज खानाने इथले बांधकाम उभारले आणि जमील बेग खानाने पुढे हौद व कारंज्यांची भर घातली, असे सांगितले जाते.

जाते आपल्या घरातल्यासारखेच असते, फक्त मोठे. खालची तळी स्थिर, वरची पाळू फिरती. फरक एवढाच, की पाळूला खुंटा नसतो. तिच्या पोटातून एक दांडा सरळ खाली जातो आणि त्याच्या टोकाला आडवे, पात्यांचे चाक असते. वरून पडणारे पाणी पात्यांवर आदळले की चाक फिरते आणि चाकाबरोबर पाळूही. मध्ये दातेरी चक्र नाही, पट्टा नाही. चाकाचा एक फेरा म्हणजे पाळूचा एक फेरा. हिमालयात ज्याला घराट म्हणतात, त्याची रचना हीच आहे. युरोपातल्या चित्रांमधून आपल्या डोळ्यांपुढे उभे राहणारे भले थोरले उभे चाक इथे शोधू नये.

या यंत्राला बळ किती मिळते, याचा साधा हिशेब करून पाहू. समजा, सेकंदाला २० लिटर पाणी ३ मीटर उंचीवरून पडते आहे. त्यातून सुमारे ६०० वॅट शक्ती मिळते आणि निम्मी वाया गेली तरी ३०० वॅट उरतात. धडधाकट माणूस हाताने सलग काम करू लागला तर ७५ वॅटच्या आसपास शक्ती देतो. म्हणजे चार माणसांचे काम, तेही रात्रंदिवस, ओव्या न गाता. ही आकडेमोड उदाहरणादाखल आहे, पाणचक्कीवर घेतलेले मोजमाप नव्हे.

आता खरा प्रश्न असा, की नदीकाठी असूनही हे पाणी नदीचे का नाही? नदी खाली आहे, तिचे पाणी वरून पडणार कसे? म्हणून सुमारे ८ किलोमीटरवरून, हर्सूलच्या बाजूने, जमिनीखालून खापरी नळांची नहर आणली. १६१० च्या सुमारास खडकी, म्हणजे हेच शहर, वसवणाऱ्या निजामशाहीच्या वजीर मलिक अंबरने नहर-ए-अंबरी हा जमिनीखालचा पाण्याचा मार्ग काढून शहराला ही विद्या आधीच दिली होती. उगमाची पातळी मुक्कामाच्या पातळीपेक्षा उंच असेल, तर बंद नळातले पाणी सखल भागात उतरून पुन्हा वर चढते. वाटेत हवा कोंडून नळ फुटू नयेत म्हणून ठिकठिकाणी उंच मनोरे बांधून त्यांत पाणी मोकळे सोडले जाई. पाणचक्कीतल्या उंच भिंतीवरून हौदात पडणारा धबधबा पाहून लोक छायाचित्रे काढतात. मला त्या भिंतीकडे पाहताना मैलोन्‌मैल जपून ठेवलेली ती उंची दिसते.

आणि पाणी जात्यावर खर्ची पडत नाही. चक्कीने घेतला तो फक्त उतार; पाणी पुढे मोकळेच राहते. हौदाच्या खाली भक्कम खांबांवर उभे दालन आहे. त्या दालनाचे छत म्हणजेच हौदाचा तळ. माथ्यावर एवढे पाणी तोलून धरणाऱ्या त्या गवंड्यांच्या धाडसाचे मला फार कौतुक वाटते. भर उन्हाळ्यात तिथे गारवा असतो. उरलेले पाणी शेवटी खाम नदीला मिळते.

शहर वाढले, नहरीवर घरे व रस्ते आले, आणि नळांची हानी झाली. तेव्हा आपण जाल, त्या दिवशी पाळू फिरत असेलच असे नाही. फिरत नसेल तर आधी त्या भिंतीपाशी जावे, पाणी कुठून वर चढते ते शोधावे, आणि मग जात्याकडे वळावे.