फुफ्फुसांच्या पुढचा मुक्काम

हवेचं प्रदूषण म्हटलं की आपल्याला खोकला आणि दमा आठवतो. फुफ्फुसं बिघडली की धाप लागते, माणूस डॉक्टरांकडे जातो. मेंदूचं तसं नाही. त्याचं नुकसान वर्षानुवर्षं मुकाट्याने होत राहतं, म्हणून आज त्याच्याबद्दल बोलू.

आधी कणांचं माप. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). 'पीएम २.५' म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. केसाच्या रुंदीत असे वीस-पंचवीस ओळीने बसतील. नाकातला शेंबूड, श्वासनलिकेतले रोम यांना चुकवून ते वायुकोशांपर्यंत पोचतात. मेंदूच्या बाबतीत मला अधिक काळजी वाटते ती ०.१ मायक्रॉनहून लहान कणांची. डिझेलच्या धुरात ते भरपूर असतात. पण त्यांना वजन जवळपास नसतंच, त्यामुळे मायक्रोग्रॅममध्ये मोजलेल्या आकड्यात ते झाकले जातात.

हे कण मेंदूपर्यंत जातात कसे? एक वाट नाकातून. नाकाच्या छताला चाळणीसारखं भोकं असलेलं पातळ हाड आहे. वासाच्या चेतापेशींचे तंतू त्या भोकांतून थेट गंधकंदात, म्हणजे मेंदूच्या वास टिपणाऱ्या भागात शिरतात. म्हणजे इथे एकाच पेशीचं एक टोक हवेशी आणि दुसरं मेंदूशी जोडलेलं. उंदरांना कार्बनचे अतिसूक्ष्म कण हुंगवल्यावर ते गंधकंदात सापडले आहेत. २०१६ साली मेक्सिको सिटी आणि मँचेस्टर इथल्या लोकांच्या मेंदूंत, मृत्यूनंतरच्या तपासणीत, मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण आढळले. शरीरात आपोआप तयार होणारं मॅग्नेटाइट कोनदार स्फटिकांचं असतं. यातले बरेचसे कण मात्र गोल होते, प्रचंड उष्णतेत वितळून थिजल्यासारखे, म्हणजे बाहेरच्या हवेतून आलेले असावेत. एवढ्यावरून त्यांनीच मेंदूचा आजार झाला असं म्हणता येत नाही, हेही सांगायला हवं.

दुसरी वाट रक्ताची, आणि तिथे तर कण मेंदूत जायचीही गरज नाही. फुफ्फुसात दाह झाला की दाह वाढवणारी रसायनं रक्तात उतरतात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत एरवी फार कडक पहारा देते, ती सैल पडते. आत मायक्रोग्लिया नावाच्या रक्षक पेशी आहेत. त्या जाग्या होतात, कचरा साफ करतात आणि पुन्हा शांत होतात. पण रोजच धूर आत येत असेल तर त्यांना शांत व्हायला उसंत मिळत नाही. मग त्यांच्याच रसायनांनी शेजारच्या निरोगी चेतापेशी आणि त्यांच्या जोडण्या झिजतात. रक्तवाहिन्याही कडक होतात, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची भर घातली. लहान मुलांचा धोका वेगळाच आहे: त्यांचा मेंदू अजून घडत असतो आणि वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात.

आता करायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा पीएम २.५ साठी वर्षाची सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम, २४ तासांची १५ अशी आहे. आपल्या भागातली हवा पडताळताना पीएम २.५ चा हाच, मायक्रोग्रॅममधला आकडा पाहा. हवेच्या गुणवत्ता निर्देशांकाचा (एक्यूआय) आकडा ही वेगळी मोजपट्टी आहे. कापडी मास्क बारीक कणांना फारसा अडवत नाही. एन-९५ अडवतो, पण कडेने हवा शिरत असेल तर तोही निरुपयोगी. नाकावरची पट्टी दाबून बसवा, दाढी असेल तर कडा नीट टेकत नाही. वायू मात्र यातूनही जातात.

हवा शुद्ध करणारं यंत्र घेताना हेपा गाळणी (अतिशय बारीक कण अडवणारी) आहे ना, ते बघा आणि क्षमता मोजा. ४ बाय ३ मीटरची, ३ मीटर उंचीची खोली म्हणजे ३६ घनमीटर हवा. ती तासाला पाच वेळा गाळायची तर ताशी १८० घनमीटर क्षमता लागते. यंत्र मंद वेगावर ठेवलं की क्षमता घटते, म्हणून थोडं मोठंच घ्या. ओझोन सोडणारी यंत्रं घेऊ नका, ओझोन स्वतःच श्वसनमार्गात दाह करतो. आणि गाळणी काळी पडूनही बदलली नाही तर हवेचा प्रवाह घटतो. यंत्र नुसतं आवाज करत राहतं.