बेन सिराची हिब्रू पोथी: मूळ पाठ की उलटे भाषांतर?

पडद्यावर दिसणारे हे जीर्ण पान केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. ॲग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या स्कॉटिश जुळ्या बहिणींनी १८९६ मध्ये इजिप्त आणि पॅलेस्टाईनच्या प्रवासात जुन्या हस्तलिखितांचे जे तुकडे विकत घेतले, त्यांत ते होते. दोघीही प्राच्य भाषांच्या जाणकार होत्या, तरी या पानावर काय लिहिले आहे हे त्यांच्या ध्यानात आले नाही. ते ओळखले केंब्रिजमध्ये ताल्मूदचे, म्हणजे यहुदी धर्मपंडितांच्या चर्चांच्या प्राचीन संग्रहाचे, अध्यापन करणाऱ्या सोलोमन शेख्टर यांनी. रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मपंडितांच्या, साहित्यात विखुरलेली बेन सिराची अवतरणे त्यांनी पाच वर्षांपूर्वीच गोळा करून प्रसिद्ध केली होती, त्यामुळे त्या ओळी त्यांच्या परिचयाच्या होत्या. १३ मे १८९६ रोजी त्यांनी लुईसबाईंना पत्राने कळवले की हे पान बेन सिराच्या ग्रंथाच्या हिब्रू मूळ पाठाचे आहे, म्हणजे जो पाठ युरोपातील विद्वान कित्येक शतके नष्ट झालेला समजत होते त्याचे आहे. हा दावा खरा मानावा की नाही, यावर पुढची जवळजवळ सत्तर वर्षे वाद चालला.

बेन सिरा हा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आरंभी यरुशलेममध्ये राहणारा एक पंडित आणि शिक्षक. त्याच्या ग्रंथाचे एक्कावन्न अध्याय आहेत आणि त्यांत मैत्री, उसनवारी, मेजवानीतील वागणूक, वैद्याचा मान, कारागिरांचे कष्ट, मंदिरातील उपासना अशा नाना विषयांवर सुभाषितवजा वचने आहेत. मुलींविषयी आणि स्त्रियांविषयी त्याने जे लिहिले आहे ते आज वाचताना अंगावर येते, आणि ते झाकून ठेवण्याचे कारणही नाही. पन्नासाव्या अध्यायात तो ओनियासचा पुत्र शिमोन या महायाजकाचे वर्णन प्रत्यक्ष पाहिल्यासारखे करतो. हा शिमोन इ.स.पू. २०० च्या सुमारास होऊन गेला. ग्रीक राजा चौथा अँटिओकस याने इ.स.पू. १६७ मध्ये मंदिर भ्रष्ट केले आणि मक्काबी या यहुदी घराण्याचे बंड पेटले, त्याचा मात्र या ग्रंथात मागमूसही नाही. तेव्हा ग्रंथाची रचना या दोन घटनांच्या मधली, साधारण इ.स.पू. १८० ची, असे मानले जाते.

रचनाकाळाचा दुसरा पुरावा लेखकाच्या नातवाकडून मिळतो. इजिप्तचा राजा युअर्गेटीस याच्या अडतिसाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. १३२ मध्ये, हा नातू इजिप्तमध्ये आला आणि तेथील ग्रीकभाषी यहुद्यांसाठी त्याने आजोबांच्या ग्रंथाचे भाषांतर केले. भाषांतराला त्याने जी प्रस्तावना जोडली तिच्यात मूळ हिब्रूचा जोर ग्रीकमध्ये उतरत नसल्याची कबुली आहे आणि काही उणे राहिले असल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे अशी विनंतीही आहे. प्राचीन काळातील इतका स्पष्ट, नावानिशी आणि काळानिशी दिलेला दाखला आपल्याला फार थोड्या ग्रंथांच्या बाबतीत मिळतो.

येथे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत, कारण अपॉक्रिफा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, हिब्रू बायबलाबाहेर राहिलेल्या बाह्य ग्रंथांविषयी बोलताना ते सर्रास एकमेकांत मिसळले जातात. ग्रंथ अस्सल आहे की नाही हा एक प्रश्न, आणि तो पवित्र मानला गेला की नाही हा दुसरा. हनोखच्या नावाने प्रसिद्ध असलेला ग्रंथ जलप्रलयापूर्वीच्या हनोखने लिहिलेला नाही, आणि 'शलमोनाचे ज्ञान' हा ग्रीक ग्रंथ शलमोनाचा नाही. जुन्या महापुरुषाच्या नावावर लिहिण्याची तेव्हा रीतच होती. बेन सिराने मात्र ग्रंथाच्या अखेरीस आपले, बापाचे आणि गावाचे नाव नोंदवले. हाच प्रामाणिकपणा त्याला भोवला असावा असे मानायला जागा आहे. ईश्वरी प्रेरणेचा काळ बेन सिराच्या कितीतरी आधीच्या एझ्रा या शास्त्र्याच्या सुमारास संपला अशी रब्बींची धारणा होती आणि हा लेखक तर उघडउघड त्यानंतरचा होता. याउलट दानिएलाच्या ग्रंथाचे आजचे रूप बेन सिरानंतरच्या पिढीत सिद्ध झाले असे बहुतेक अभ्यासक मानतात, पण तो बाबिलोनच्या बंदिवासातील एका पुरुषाच्या नावावर असल्याने हिब्रू बायबलात समाविष्ट झाला.

रब्बींची भूमिकाही एकसारखी नव्हती. ताल्मूदमध्ये रब्बी योसेफ बेन सिराचे वाचन निषिद्ध ठरवतात, आणि त्याच पानावर त्याची वचने एकामागून एक उद्धृत होतात. दुसऱ्या एका ठिकाणी तर त्याचे वचन जणू पवित्र लेखांपैकीच आहे अशा थाटात दिले आहे. ग्रंथ संग्रहाबाहेर राहिला, तरी लोकांच्या तोंडून गेला नाही.

पाचव्या शतकाच्या आरंभापर्यंत हयात असलेल्या जेरोम या बायबलच्या लॅटिन भाषांतरकाराने आपण त्याची हिब्रू प्रत पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. दहाव्या शतकात बगदादच्या प्रदेशातील थोर विद्वान सादिया गाओन यांच्याजवळही हिब्रू प्रत होती आणि त्यांनी तिच्यातील वचने जशीच्या तशी दिली आहेत. त्यानंतर हिब्रू पाठाचा धागा तुटतो. मध्यंतरी 'बेन सिराची वर्णमाला' नावाचे एक चावट, उपहासगर्भ पुस्तक मध्ययुगात तयार झाले आणि खऱ्या ग्रंथाशी काडीचाही संबंध नसताना त्याच्या नावावर खपले. युरोपात एकोणिसाव्या शतकापर्यंत बेन सिरा वाचला जात होता तो ग्रीक, लॅटिन आणि सिरियाक (पूर्वेकडील ख्रिस्ती लोकांची अरामी भाषा) भाषांतरांतूनच.

शेख्टर यांनी पान ओळखल्याची वार्ता पसरताच ऑक्सफर्डमध्ये ॲडॉल्फ नॉयबाउअर आणि आर्थर काउली यांना त्याच पोथीची आणखी नऊ पाने सापडली. केंब्रिजचे पान चाळिसाव्या अध्यायात जेथे संपते, नेमकी तेथूनच ऑक्सफर्डची पाने सुरू होतात. ही सगळी पाने कैरोहून आली असणार हे ताडून शेख्टर यांनी १८९६ च्या डिसेंबरात कैरो गाठले. फुस्तात या कैरोच्या जुन्या भागातील बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनागृहात, एक कोठार होते. ईश्वराचे नाव असलेला कागद जाळू किंवा फेकू नये या यहुदी रिवाजाप्रमाणे तेथे निरुपयोगी लिखाण शतकानुशतके टाकले जाई. त्याला गेनिझा म्हणतात. तेथून केंब्रिजला आलेल्या तुकड्यांची संख्या सुमारे १,९३,००० भरते. धर्मग्रंथांबरोबर करारनामे, हिशेब, खासगी पत्रे असे सगळेच त्यांत आहे. बाराव्या शतकात मंगळूरला पितळेच्या भांड्यांचा कारखाना चालवणाऱ्या अब्राहम बेन यिजू या यहुदी व्यापाऱ्याचा पत्रव्यवहारही याच ढिगातून मिळाला आहे. या ढिगातून बेन सिराच्या पहिल्या पोथीची आणखी पाने निघालीच, शिवाय आणखी पोथ्यांचे तुकडे मिळाले आणि १९०० पर्यंत चार निरनिराळ्या पोथ्या ओळखता आल्या. पुढे आणखी दोन पोथ्यांची भर पडली.

विरोधाचा आवाज ऑक्सफर्डमधून उठला. अरबीचे प्राध्यापक डेव्हिड सॅम्युएल मार्गोलियथ यांनी १८९९ मध्ये असे प्रतिपादन केले की गेनिझातील हिब्रू पाठ मूळ नव्हेच, तर साधारण इ.स. १००० च्या सुमारास कोणीतरी सिरियाक आणि पर्शियन भाषांतरांवरून परत हिब्रूत आणलेला मजकूर आहे. त्यांच्या युक्तिवादाची थट्टा करणे सोपे आहे, आणि अनेकांनी ती केलीही, पण त्यात दम नव्हता असे म्हणता येणार नाही. पहिल्या पोथीच्या समासात खरोखरच पर्शियन टिपा आहेत. काही ठिकाणी एकच ओळ दोन वेगळ्या रूपांत लागोपाठ येते. भाषाही जागोजागी बेन सिराच्या काळापेक्षा अर्वाचीन वाटते. मार्गोलियथ यांचे स्वतःचेही मत यात गुंतलेले होते, हे खरे. १८९० च्या व्याख्यानात त्यांनी हरवलेल्या हिब्रूची भाषा कशी असावी याची मांडणी केली होती, आणि सापडलेली पाने तिच्याशी जुळत नव्हती.

शेख्टरही तटस्थ नव्हते. त्या काळी जर्मनीतील बायबलचे चिकित्सक स्तोत्रसंहितेतील अनेक स्तोत्रांना थेट मक्काबींच्या काळापर्यंत खाली ओढत होते. इ.स.पू. १८० चा लेखक जर जुन्या धर्मग्रंथांची भाषा उसनी घेऊन, त्यांचे अनुकरण करत लिहीत असेल, तर ते धर्मग्रंथ त्याच्याही बऱ्याच आधीचे असले पाहिजेत, असे शेख्टर यांना दाखवायचे होते. त्यासाठी बेन सिराचे खरे हिब्रू शब्द हाती असणे आवश्यक होते. म्हणून या वादात पानांच्या वयापेक्षा अधिक काही पणाला लागले होते.

वाद पुस्तकांतून सुटणारा नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यावरही गेनिझाचा पाठ उलटे भाषांतर आहे असे म्हणणारे विद्वान होते. मग मृत समुद्राकाठच्या कुमरान येथील दुसऱ्या गुहेत हिब्रू बेन सिराचे अगदी छोटे तुकडे मिळाले, आणि १९५६ मध्ये अकराव्या गुहेत सापडलेल्या स्तोत्रांच्या गुंडाळीत एक्कावन्नाव्या अध्यायातील कवितेचा भाग निघाला. निर्णायक पुरावा मात्र ८ एप्रिल १९६४ रोजी मसादा येथे हाती लागला. इ.स. ७३ किंवा ७४ मध्ये रोमन सैन्यापुढे पडलेल्या या डोंगरी किल्ल्याचे उत्खनन यिगाएल यादीन करत होते. तटातील एका खोलीत त्यांच्या चमूला चामड्याची एक फाटकी गुंडाळी सापडली. तीत एकोणचाळिसाव्या अध्यायाच्या अखेरीपासून चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंतचा मजकूर होता. लुईसबाईंच्या पानाचा शेवटचा भाग आणि ऑक्सफर्डच्या पानांचा पुष्कळसा भाग याच टप्प्यात येतो, हा योगायोग अभ्यासकांच्या पथ्यावर पडला.

अक्षरवळणावरून ही गुंडाळी इ.स.पू. पहिल्या शतकाच्या पूर्वार्धातील ठरते. म्हणजे मूळ लेखकापासून ती सुमारे शंभर वर्षांवर, तर गेनिझाच्या पोथ्यांपेक्षा हजार वर्षांनी जुनी आहे. दोन्ही पाठ ओळीमागून ओळ ताडून पाहिल्यावर यादीन यांनी १९६५ मध्ये निष्कर्ष मांडला की गेनिझाचा पाठ मुळात अस्सल आहे. कित्येक ठिकाणी तर गेनिझातील नकलकाराने समासात नोंदवून ठेवलेला पाठभेदच मसादाच्या पाठाशी जुळला. मार्गोलियथ यांना संशयास्पद वाटलेला तो समास अशा रीतीने प्राचीन पाठाचा साक्षीदार निघाला. बापाला मुलीची काळजी झोपू देत नाही, हे बेचाळिसाव्या अध्यायातील कडवट वचन मसादाला आहे, गेनिझात आहे आणि ताल्मूदमध्येही आहे. फक्त ताल्मूदमधील शब्द बदलले आहेत, पाठांतरातून आलेल्या वचनाचे बदलतात तसे.

असे असले तरी शेख्टर पूर्ण जिंकले आणि मार्गोलियथ पूर्ण हरले असा हिशेब मांडता येत नाही. एक्कावन्नाव्या अध्यायातील कवितेची प्रत्येक ओळ हिब्रू वर्णमालेच्या पुढच्या अक्षराने सुरू होते. कुमरानच्या गुंडाळीत हा क्रम जितका भाग शिल्लक आहे तितका शाबूत आहे. गेनिझाच्या पोथीत तो जागोजागी मोडलेला आहे, आणि जेथे मोडला आहे तेथे शब्द सिरियाक भाषांतराच्या वळणावर जातात. तेव्हा निदान या कवितेचा मजकूर कोणीतरी सिरियाकवरून परत हिब्रूत आणला असावा असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. संपूर्ण ग्रंथाविषयी मार्गोलियथ चुकले, पण अशा एखाद्या तुकड्याविषयी त्यांचा संशय योग्य दिशेने होता. अस्सलपणाचा निर्णय येथे पोथीवार नव्हे, तर ओळीओळीने द्यावा लागतो.

ग्रीक पाठही जसाच्या तसा विश्वसनीय नाही. आज ज्ञात असलेल्या जवळपास सर्व ग्रीक हस्तलिखितांत तिसाव्या ते छत्तिसाव्या अध्यायांदरम्यानच्या दोन मोठ्या भागांची अदलाबदल झालेली आहे. याचा अर्थ ही सारी हस्तलिखिते अशा एकाच जुन्या प्रतीपासून उतरली, जिच्या पानांच्या दोन जुड्या बांधताना मागेपुढे झाल्या. हिब्रू, सिरियाक आणि लॅटिन पाठांत हा घोटाळा नाही. नातवाचे भाषांतर आपल्यापर्यंत पोहोचले आहे ते असे, एका अनाम पुस्तकबांधणाऱ्याच्या हातून.

मग मसादाच्या काळातील हिब्रू पाठ हजार वर्षांनी कैरोत कसा पोहोचला? बगदादमधील ख्रिस्ती धर्मप्रमुख पहिला टिमथी याने इ.स. ८०० च्या सुमारास लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. यरिहोजवळ एका अरब शिकाऱ्याचा कुत्रा सावजामागे एका बिळात शिरला, त्याच्या मागे गेलेल्या शिकाऱ्याला खडकात पुस्तके सापडली आणि यरुशलेमचे यहुदी ती घेऊन गेले, अशी हकिकत त्यात आहे. या पत्राच्या आधारे पॉल काले या अभ्यासकाने असा तर्क मांडला की गेनिझातील काही प्राचीन ग्रंथ त्याच गुहांतून आले असावेत. शेख्टर यांनी १९१० मध्ये गेनिझातून प्रसिद्ध केलेला दमास्कस दस्तऐवज पुढे कुमरानच्या गुहांतही सापडला, त्यामुळे या तर्काला वजन आले. तरी तो तर्कच आहे. जेरोम आणि सादिया यांची साक्ष पाहता, एखादी प्रत गुहेत न लपता वाचकांच्या हातूनच पुढे आली असणेही तितकेच शक्य आहे.

चर्चचा निर्णय या सगळ्याच्या कितीतरी आधी झाला होता. लूथरने १५३४ च्या जर्मन बायबलात हा ग्रंथ इतर बाह्य ग्रंथांबरोबर वेगळा काढून छापला, तर कॅथलिक चर्चने १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत त्याला पूर्ण प्रामाण्य दिले. मसादाच्या गुंडाळीने या दोहोंपैकी कोणतीच बाजू सिद्ध केली नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षाही करू नये.

आज ग्रंथाचा सुमारे दोन तृतीयांश भाग हिब्रूत उपलब्ध आहे. या शतकातही गेनिझाच्या संग्रहांतून काही नवी पाने ओळखली गेली आहेत. चोविसाव्या अध्यायात ज्ञान स्वतः बोलते, परात्पराच्या मुखातून आपण निघालो आणि याकोबाच्या वंशात वस्तीला आलो असे सांगते, आणि बेन सिरा त्या ज्ञानाला मोशेच्या नियमशास्त्राशी जोडतो. ग्रंथाच्या मध्यावरील या स्तोत्राची एकही हिब्रू ओळ कुमरानमध्ये, मसादात किंवा गेनिझात मिळालेली नाही. त्याचा अभ्यास अजूनही ग्रीक, लॅटिन आणि सिरियाक पाठांच्या आधारेच चालतो.