ऱ्हाइनकाठची ब्रिटिश फौज

श्रोतेहो, नमस्कार.

मे 1945मध्ये युरोपातलं महायुद्ध संपलं, तरी जर्मनीत शिरलेलं ब्रिटिश सैन्य काही लगेच घरी परतलं नाही. त्या उन्हाळ्यात त्यांच्यापुढचं पहिलं संकट उपासमारीचं होतं. पिकं कापणीला आलेली आणि कापणारे हात छावण्यांत कैद. तेव्हा ‘ऑपरेशन बार्लीकॉर्न’खाली सुमारे 3 लाख जर्मन युद्धकैद्यांना शेतावर कामासाठी सोडण्यात आलं. 25 ऑगस्टला या सैन्याला नवं नाव मिळालं, ‘ब्रिटिश आर्मी ऑफ द ऱ्हाइन’.

विजेत्यांची ही फौज पुढे सोव्हिएत धडकेपासून मित्रांची पहारेकरी झाली. 1954मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांनी चार डिव्हिजन आणि एक हवाई दल युरोपात ठेवण्याचं वचन दिलं. त्याच वर्षी मुख्यालय बाड ओयनहाउझनहून म्योन्शेनग्लाडबाखजवळच्या ऱ्हाइनडालेनला हललं. वचन दिलं खरं, पण खर्च झेपेना. 77 हजारांचं मनुष्यबळ 1957पासून टप्प्याटप्प्यानं 55 हजारांच्या आसपास आणलं गेलं. त्यात सक्तीची लष्करभरतीही बंद झाली. तिच्यातला शेवटचा जवान 1963मध्ये घरी गेला. माणसं कमी, म्हणून भिस्त यंत्रांवर. खरी अडचण इथून सुरू होते.

त्या काळचा मुख्य रणगाडा म्हणजे चीफटन. 120 मिलिमीटरची तोफ, जाडजूड चिलखत. तोफेच्या बारुदाच्या पिशव्या दुहेरी भिंतींत पाणी भरलेल्या पेट्यांत ठेवत. पेटी फुटली की पाणी बारुदावर सांडावं आणि भडका टळावा, हा हेतू. ही रचना मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. इंजिनाबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही. डिझेल, पेट्रोल, जे मिळेल त्यावर इंजिन चालावं, असा नाटोचा आग्रह होता. त्यापायी एल-60 हे टू-स्ट्रोक इंजिन बनवलं गेलं. सहा उभे सिलिंडर, प्रत्येकात समोरासमोर धावणारे दोन पिस्टन, वर एक आणि खाली एक क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या धावेनं फिरणारा दांडा. अपेक्षा 750 अश्वशक्तीची, सुरुवातीला हाती आली 585च्या आसपास. आणि ओढायचं होतं पन्नास टनांहून जास्त वजन. सिलिंडरच्या लायनरना, म्हणजे आतल्या अस्तरांना तडे जात, सील गळत आणि कूलंटचं पाणी जिथे जाऊ नये तिथे जाई. मग एफव्ही-434 ही क्रेनवाली गाडी येई, मागची झाकणं उघडून अख्खा पॉवर पॅक, म्हणजे इंजिन आणि त्याला जोडलेल्या यंत्रणेचा एकत्र संच, वर उचलला जाई आणि दुसरा बसवला जाई. सुटा पॅक तयार नसेल तर रणगाडा जागच्या जागी अडकला.

‘ॲक्टिव्ह एज’चा, म्हणजे अचानक घेतलेल्या सज्जतेच्या चाचणीचा इशारा केव्हाही, अगदी मध्यरात्रीही येई आणि सगळ्या गाड्या बराकीबाहेर काढून ठरलेल्या जागी न्याव्या लागत. किती गाड्या स्वतःच्या बळावर फाटक ओलांडतात, हा फौजेच्या ताकदीचा खरा हिशोब होता. कागदावरचा आकडा त्यापुढे फसवा. मोठे सराव पीक निघाल्यावर, शरदात होत. तरी ट्रॅकखाली रस्ते उखडत, बांध मोडत आणि त्याची भरपाई द्यावी लागे. पुलांवर पिवळ्या गोल पाट्या असत. एकावर रणगाड्याचं चित्र, दुसरीवर ट्रकचं, खाली भारवर्गाचा, म्हणजे पूल किती जड गाडी पेलेल याचा आकडा. तो न पाहता पूल ओलांडायचा नाही. 1984च्या ‘लायनहार्ट’ सरावात सव्वा लाखाहून जास्त ब्रिटिश सैनिक होते. त्यात इंग्लिश खाडी ओलांडून आणलेली कुमकही होती, कारण जर्मनीतल्या तुकड्यांना युद्धासाठी पूर्ण करायचं तर ती वेळेत पोहोचणं भाग होतं.

हा हिशोब उघडा पडला 1990मध्ये, तोही आखातात. जर्मनीतली सातवी आर्मर्ड, म्हणजे रणगाड्यांची ब्रिगेड आणि पाठोपाठ चौथी सौदी अरेबियाला निघाली. तोवर चॅलेंजर रणगाडा आला होता, त्याचं इंजिनही निराळं. तरी जाणाऱ्या गाड्यांना सुटे भाग पुरवायला जर्मनीत उरलेल्या रणगाड्यांतून पॉवर पॅक आणि इतर भाग काढावे लागले. दोन ब्रिगेड लढायला सज्ज झाल्या आणि मागे बराकींत न हलणाऱ्या गाड्यांच्या रांगा उरल्या. ज्या सोव्हिएत धडकेसाठी ही फौज साडेचार दशकं उभी होती, ती तेव्हा आली असती तर तिला सामोरं जायला पुरेसे चालते रणगाडे नव्हते.

शीतयुद्ध संपल्यानं ती वेळ आली नाही. 28 ऑक्टोबर 1994 रोजी ब्रिटिश आर्मी ऑफ द ऱ्हाइन विसर्जित झाली. उरलेल्या तुकड्याही पुढे मायदेशी गेल्या. जर्मनीतलं झेनेलागरचं सराव क्षेत्र मात्र ब्रिटिशांनी आपल्याकडे ठेवलं.

नमस्कार.