तिकीट चिकटवणारे यंत्र

नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये 1926 पासून भारताची टपाल तिकिटे छापली जाऊ लागली. 21 नोव्हेंबर 1947 रोजी निघालेले साडेतीन आण्यांचे ‘जय हिंद’ तिकीटही येथलेच. छापलेले पान टपाल कार्यालयाच्या खिडकीवर येते, कारकून ते भोकांच्या ओळीवर दुमडतो, घडीवरून नख फिरवतो आणि तिकीट फाडून देतो. मग डिंक लावून ते पाकिटावर बसवायचे. एका पत्रापुरते हे काम क्षणाचे आहे, परंतु रोज शेकडो पत्रे पाठवणाऱ्या पेढीत त्यासाठी माणसे अडकून पडत आणि मोकळी तिकिटे चोरीलाही जात.

ही भोके हातासाठी होती. इंग्लंडचे 1840 चे ‘पेनी ब्लॅक’ कात्रीने कापावे लागे. पुढे हेन्री आर्चर यांचे भोके पाडणारे यंत्र सरकारने 4000 पौंडांना घेतले. तिकीट चिकटवणाऱ्या यंत्राला मात्र सुटे पान चालत नाही, त्याला सलग गुंडाळी लागते. म्हणून अमेरिकेच्या टपाल खात्याने 1906 पासून बिनभोकांची, 400 तिकिटांची पाने विकायला काढली. पानाच्या वीस-वीस तिकिटांच्या पट्ट्या कापून, टोकाला टोक चिकटवून यंत्रवाले गुंडाळ्या करत. डेट्रॉइटच्या जोसेफ शेरमॅक यांनी तिकिटांच्या मधे लांबट खाचा पाडल्या. यंत्राचे दाते त्या खाचांत अडकून पट्टी पुढे ओढत, पाण्याने मागचा डिंक ओला होई, पाते तिकीट कापी आणि दट्ट्या ते पाकिटावर दाबी.

1908 मध्ये खात्याने स्वतःच गुंडाळ्या काढल्या. दोन सेंटिमीटरमागे 12 भोके असलेली ती पट्टी फार लवकर तुटे, म्हणून 1910 मध्ये भोके साडेआठवर आणली. आता ती फाटेना, तेव्हा 1914 मध्ये 10 भोकांवर मेळ बसला. एवढ्याशा कागदासाठी सहा वर्षे चाललेली ही धडपड मला या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

1920 मध्ये अमेरिकेने पिटनी-बोज कंपनीच्या, पाकिटावर थेट शुल्काचा ठसा उमटवणाऱ्या यंत्राला मान्यता दिली, आणि मोठ्या पेढ्यांना तिकिटाचीच गरज उरली नाही.

त्याआधी, 1908 साली, चार सेंटच्या बिनभोकांच्या तिकिटांची 25 पाने, म्हणजे 10000 तिकिटे, शेरमॅक यांच्या खाचा पाडून यंत्रांत गेली होती. ती बहुतेक सगळी पत्रांवर खर्ची पडली. संग्राहकांकडे उरलेली मोजकी तिकिटे आज कडेच्या त्या खाचांवरून ओळखली जातात.