गुळाची कॉफी, फडक्यातून गाळलेली

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्याकडे कॉफी म्हटली की दूध, साखर आणि वर किसलेलं जायफळ. मीही त्याच कॉफीवर वाढले. मग एका पावसाळ्यात कर्नाटकातल्या कोडगूत, म्हणजे कूर्गमध्ये, मडिकेरीजवळ एका घरी मुक्काम पडला. बाहेर धो धो पाऊस, आणि सकाळी घरच्या अक्कांनी पेला पुढे केला. आत काळी, बिनदुधाची कॉफी. मी साखरेसाठी इकडेतिकडे बघू लागले तशा त्या म्हणाल्या, ‘बेल्ल इदे.’ बेल्ल म्हणजे गूळ. गूळ आतच होता. पहिला घोट घेतला, तर जिभेवर आधी कडू आलं, आणि ते उतरता उतरता मागून उसाची खमंग गोडी. साखर कॉफीला नुसती गोड करते. गूळ तिला चव देतो. तिथे हिला बेल्लद काफी म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मी चुलीशी जाऊन बसले. दोन कप पाण्यात अक्कांनी दोन मोठे चमचे चिरलेला गूळ आधी घातला. उकळी आल्यावर वर फेस जमला, त्यात उसाच्या चिपाडांचे बारीक कण होते. तो त्यांनी पळीने काढून टाकला. मग भांडं खाली उतरवलं आणि तेव्हा कुठे दोन सपाट मोठे चमचे कॉफीची पूड घातली. एकदा ढवळलं, झाकण ठेवलं, चार-पाच मिनिटं हात लावला नाही. आपण चहाच्या सवयीने पूड खळाखळा उकळतो, तिथेच कॉफी बिघडते. वास वाफेबरोबर उडून जातो आणि मागे राहतो तो कडवटपणा. झाकणाखाली पूड आपोआप तळाशी बसते. मग ओलं करून पिळलेलं सुती फडकं पेल्यावर धरायचं आणि वरची निवळ कॉफी हळूच ओतायची. फिल्टर नाही, यंत्र नाही. फडकं मात्र फक्त कॉफीचंच ठेवा आणि ते साबणाने धुऊ नका, साबणाचा वास कॉफीत उतरतो.

पूड आणताना चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड, किती आहे ते पाकिटावर वाचा. आपल्या नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात चिकोरी 49 टक्क्यांपर्यंत असू शकते, म्हणजे जवळजवळ अर्धं पाकीट. दुधाच्या कॉफीला चिकोरीने दाटपणा येतो, पण गुळाच्या काळ्या कॉफीत ती नकोच. गुळाला स्वतःचा रंग आणि जडपणा असतो, चिकोरीने सगळं काढ्यासारखं लागतं. देशातली सुमारे 70 टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते. सूफी संत बाबा बुडन यांनी येमेनहून सात बिया लपवून आणून चिक्कमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा सांगतात. त्या डोंगरांना आजही बाबाबुडनगिरी म्हणतात, आणि तिथल्या अरेबिका जातीच्या कॉफीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं.

गुळाचं म्हणाल, तर पिवळाधमक, चकचकीत गूळ घेऊ नका. तो रंग बहुतेक वेळा हायड्रॉस पावडर, म्हणजे रंग उजळवणारं रसायन, घालून आणलेला असतो. तांबूस किंवा काळपट गूळ घ्या, आणि घेण्याआधी खडा जिभेवर ठेवा. खारट लागला तर परत ठेवा. कर्नाटकात मंड्याचा गूळ वापरतात, आपल्याकडे कोल्हापूरचा आहेच.

आता ज्यांना दूध हवंच त्यांच्यासाठी. मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, की दूध फाटतं का? गूळ किंचित आंबट असतो, त्यात क्षारही असतात. दूध उकळत असताना हे दोन्ही भेटले की दुधातली प्रथिनं गोळा होतात. म्हणून गूळ-कॉफी दुधात घालून उकळू नका. दूध वेगळं तापवा, ताजंच घ्या, गॅस बंद करा. गाळलेली कॉफी मिनिटभर निवू द्या आणि मग त्यात दूध ओता. एकदा मिसळल्यावर पुन्हा गॅसवर चढवायचं नाही. माझ्या पहिल्या दोन खेपा या शेवटच्या चुकीनेच फाटल्या.

तमिळनाडूच्या दक्षिण भागात उसाऐवजी ताडाचा गूळ घालतात, त्याला करुपट्टी म्हणतात. सुंठ, मिरी, धणे घालून केलेली सुक्कु कापी सर्दीपडशात पितात, तिच्यात कॉफीची पूड अगदी नावाला असते, कधी नसतेही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. गूळ हीसुद्धा मुख्यतः साखरच आहे. मधुमेह असलेल्यांनी ‘गुळाची आहे, चालते’ असं म्हणून दोन पेले पिऊ नयेत.

पहिल्यांदा कराल तेव्हा गूळ हात राखूनच घाला. गरम असताना कमी वाटेल, पण पेला निवत जातो तशी गोडी वर येते. अक्का म्हणूनच पेला भरल्यावर लगेच देत नसत, थोडा वेळ खिडकीत ठेवत.

नमस्कार.