हनोईहून आलेली तार

मंडळी, २८ फेब्रुवारी १९४६ ची एक तार अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवलेली आहे. व्हिएतनामचे नेते हो चि मिन्ह यांनी ती हनोईहून अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांना पाठवली होती. फ्रेंच फौजा परत येताहेत, तुम्ही तातडीने मध्ये पडा, अशी तिच्यात कळकळीची विनंती आहे. ट्रुमन यांनी उत्तर दिलं नाही.

आता, हो कम्युनिस्ट होते, मग अमेरिका कशाला उत्तर देईल, असं आपण पटकन म्हणतो. मला हे अर्धवट वाटतं. कारण इंडोचायनातलं, म्हणजे व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियातलं, फ्रेंच राज्य काय चीज आहे, हे वॉशिंग्टनला नीट ठाऊक होतं. जानेवारी १९४४ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांना लिहिलं होतं: तीन कोटींचा हा देश जवळजवळ शंभर वर्षं फ्रान्सच्या ताब्यात आहे आणि लोकांची हालत सुरुवातीला होती त्याहून वाईट आहे.

त्यांनी हे उगाच लिहिलं नव्हतं. १८९७ साली पॉल दुमेर गव्हर्नर जनरल म्हणून आले आणि त्यांनी मीठ, दारू आणि अफू या तिन्हींवर सरकारी मक्तेदारी घट्ट बसवली. गावाने किती सरकारी दारू उचलायची, हे वरून सांगितलं जाई. पूजेला लागणारी तांदळाची दारू घरच्या घरी गाळली, तर तो गुन्हा. मिठाचं म्हणाल, तर ते दुखणं आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. हेच दुमेर पुढे, १९३१ मध्ये, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले!

एप्रिल १९४५ मध्ये रूझवेल्ट वारले आणि ट्रुमन अध्यक्ष झाले. महिनाभरातच नवे परराष्ट्रमंत्री स्टेटिनियस यांनी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री बिदो यांना सांगून टाकलं की इंडोचायनावरच्या फ्रेंच सार्वभौमत्वाबद्दल अमेरिकेने कधीच शंका घेतलेली नाही. ‘कधीच’! हल यांना लिहिलेल्या त्या टिपणाला तेव्हा दीड वर्षही झालं नव्हतं. पण युरोपात रशिया समोर उभा होता, फ्रान्स दुखावून चालणार नव्हतं. हनोई फार लांब होतं.

इकडे, ऑगस्ट १९४५ मध्ये, हनोईत काय चाललं होतं? स्वातंत्र्याच्या घोषणेचा मसुदा तयार होत होता. आर्किमिडीज पॅटी या अमेरिकी गुप्तहेर अधिकाऱ्याला हो यांनी तो ऐकवायला बोलावलं. सुरुवातच अमेरिकेच्या १७७६ च्या जाहीरनाम्यातल्या वाक्याने. पॅटी सांगतात, ‘जीवित’ आणि ‘स्वातंत्र्य’ या दोन शब्दांची अदलाबदल झालेली त्यांच्या लक्षात आली. ती दाखवताच हो म्हणाले, बरोबरच आहे, जीवितच नाही तर स्वातंत्र्य कुठलं! २ सप्टेंबरला बा दिन्ह मैदानावर लोकांनी ते वाक्य ऐकलं. त्याच सुमारास फ्रेंच सैनिकांना सायगॉनला पोचवायला अमेरिकी जहाजं लागली होती. त्यांवरच्या खलाशांनी याचा निषेध केला, हेही सांगायला हवं.

पुढचा हिशेब पैशांचा आहे. १९४९ मध्ये चीन कम्युनिस्टांकडे गेला आणि १९५० पासून ट्रुमन व्हिएतनाममधल्या युद्धासाठी उघडपणे फ्रेंचांना मदत देऊ लागले. आयझेनहॉवर यांच्या काळात तर, १९५४ पर्यंत, फ्रेंच युद्धाचा सुमारे तीन चतुर्थांश खर्च अमेरिका उचलत होती. दिएन बिएन फू या फ्रेंच तळाला पडलेल्या वेढ्यात रसद टाकणाऱ्या मोठ्या विमानांवर फ्रेंच खुणा रंगवलेल्या आणि आत बसलेले वैमानिक अमेरिकी. ७ मे १९५४ ला तो तळ पडला.

केनेडी यांची गोष्ट मला सगळ्यात चमत्कारिक वाटते. जुलै १९५७ मध्ये, सिनेटर असताना, त्यांनी फ्रान्सच्या ताब्यातल्या अल्जीरियाच्या स्वातंत्र्याची बाजू घेऊन फ्रान्सला चांगलंच झोंबणारं भाषण केलं होतं. अध्यक्ष होऊन १९६१ मध्ये ते पॅरिसला गेले, तेव्हा उलट फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनीच त्यांना सावध केलं. व्हिएतनामच्या दलदलीत तुम्ही पायरीपायरीने रुतत जाल, असं आपण सांगितल्याचं द गॉल यांनी आठवणींत लिहून ठेवलं आहे. केनेडी यांनी ऐकून घेतलं. ते सत्तेवर आले तेव्हा व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे लष्करी सल्लागार हजाराच्या आत होते. नोव्हेंबर १९६३ मध्ये, त्यांची हत्या झाली तेव्हा, हा आकडा १६,००० च्या घरात गेला होता.